पाकिटावर ७८०५, आत ७९०५: केस नेमकी कशाची करायची?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की इतकी वर्षं दुकानांच्या ज्या चेनकडून इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट्स घेताय तिथे आता रेझिस्टरचे ड्रॉवर अर्धे रिकामे असतात, काउंटरवरच्या पोरांना डायोड आणि झेनरमधला फरक माहीत नसतो, फोन कोणी उचलत नाही, आणि त्यात भर म्हणजे ७८०५ (म्हणजे +५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लिहिलेल्या सीलबंद पाकिटातून ७९०५ (-५ व्होल्टचा) निघाला, तो तुम्ही गिऱ्हाइकाच्या अॅम्प्लिफायरमध्ये लावला आणि बोर्ड जळाला. दुकानवाल्यांनी बिलावरचा शिक्का दाखवला, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". आता या सगळ्याची मिळून एकच केस ठोकायचीय.

तसं करू नका. केस फक्त त्या रेग्युलेटरची करा. माल कमी ठेवला, नवखी माणसं ठेवली म्हणून भरपाई मिळत नाही, आणि तक्रारीची पहिली दोन पानं त्यातच गेली तर खरा मुद्दा तिसऱ्या पानावर जातो. राग समजतो मला, वर्षानुवर्षांचं दुकान असं बिघडताना बघवत नाही, पण तो अर्जात नको.

पाकिटावर एक आणि आत दुसरं, हा मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सरळ सदोष माल, कारण विक्रेत्याने जे सांगितलं त्यात कमी असली की तो दोषच. आणि सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. त्या शिक्क्याला घाबरू नका.

समोरचा वकील दोन गोष्टी काढणार. एक, तुम्ही धंद्यासाठी घेतलं म्हणून ग्राहकच नाही. तुम्ही घरी एकट्याने रिपेअरिंग करून पोट भरता ना, मग स्वयंरोजगाराचा अपवाद तुम्हाला लागू होतो, पण हे तक्रारीत स्वच्छ लिहा. दुसरी जास्त अवघड, पार्टवर ७९०५ छापलेलं होतं ते तुम्ही वाचायला हवं होतं. ७८०५ला पहिल्या पायावर इनपुट आणि मधल्यावर ग्राउंड, ७९०५ला बरोबर उलट, म्हणजे जाणकाराने बघून लावावं असं ते म्हणणार आणि यात थोडं तथ्य आहे. पार्टचे पैसे मिळायला यामुळे अडचण नाही, बोर्डाची भरपाई मात्र कमी होऊ शकते, ती तयारी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो पार्ट बोर्डवरून काढू नका!! डीसोल्डर केला की तो त्याच पाकिटातला होता हे सांगणं कठीण होतं. बोर्ड आहे तसाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पार्टवरचा नंबर वाचता येईल असे फोटो काढा, फाडलेलं पाकीट त्याच्या लेबलसकट जपा आणि बिलाची झेरॉक्स लगेच काढून घ्या, थर्मल पेपरवरची शाई उडते. ग्राहक आयोगाला गरज वाटली तर माल सील करून लॅबला पाठवता येतो, म्हणून हे सगळं.

आधी दुकानाला आणि चेनच्या मुख्य ऑफिसला स्पीड पोस्टाने नोटीस द्या, १५ दिवसांची मुदत पुरे. सोबत १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा, दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी चालतं, वकील लागतोच असं नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. तक्रार दाखल करायची मुदत २ वर्षांची आहे. पण नोटीस या आठवड्यातच पाठवा आणि पोस्टाची पावती त्याच पिशवीत टाकून ठेवा.