शमुवेल: ‘देवाने ऐकलं’ की ‘देवाचं नाव’?

तुम्ही विचारलंय की सॅम्युएल या हिब्रू नावाचा अर्थ कुणी ‘देवाने ऐकलं’ सांगतं, कुणी ‘देवाचं नाव’, तर बरोबर कोणता? हिब्रू शिकायला लागलो तेव्हा मीही या नावापाशी बरेच दिवस अडलो होतो.

मूळ उच्चार श्मुएल, मराठी बायबलात शमुवेल. शेवटचा ‘एल’ म्हणजे देव, यावर वाद नाही. घोळ आहे तो ‘श्मु’चा. ‘ऐकणे’ या क्रियापदाच्या धातूत शेवटी ‘आयिन’ हे घशातून निघणारं अक्षर असतं. इश्माएल म्हणजे ‘देव ऐकतो’, आणि त्या नावात हा आयिन शाबूत आहे. श्मुएलची अक्षरं मात्र शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद. आयिन कुठेच नाही! उलट ‘शेम’ म्हणजे नाव, हा शब्द तिथे सरळ बसतो. म्हणून ‘देवाचं नाव’ किंवा ‘त्याचं नाव एल’ हाच अर्थ मला पटतो. हिब्रूतही ‘शेम’ म्हणजे नुसती हाक मारायची खूण नाही. निपुत्रिक मेलेल्या भावाचं ‘नाव’ इस्राएलातून पुसलं जाऊ नये म्हणून त्याच्या विधवेशी दिराने लग्न करावं, असा नियम बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. आपण मुलाला ‘घराण्याचं नाव चालवणारा’ म्हणतो, तेच.

पण खरी गंमत बायबलातल्या गोष्टीत आहे. हन्नाला मूल नव्हतं. शिलोच्या मंदिरात ती नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती, तर एली याजकाला वाटलं, बाई प्यायलेली आहे. तिने नवस केला, मुलगा झाला आणि त्याचं नाव श्मुएल ठेवताना ती म्हणाली, मी याला परमेश्वराजवळ मागितला. म्हणजे श्मुएल हे नवसाचं पोर. आता ‘मागणे’ म्हणजे ‘शाअल’, आणि ‘मागितलेला’ म्हणजे ‘शाऊल’! याच शमुवेलाने पुढे ज्याला इस्राएलाचा पहिला राजा म्हणून अभिषेक केला, त्याचं नाव शाऊल. आईने सांगितलेला अर्थ मुलापेक्षा त्या राजाच्या नावाला जास्त शोभतो. काही अभ्यासकांना तर वाटतं की ही जन्मकथा मुळात शाऊलचीच असावी. मला तसं वाटत नाही. हिब्रू कथाकार नावांच्या नादावर खेळतात, त्यांना व्युत्पत्ती सांगायची नसते.

हे नाव आपल्याकडेही जुनं आहे. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, शमुवेलचं ‘सामाजी’ केलं. त्यात देवाचा ‘एल’ गळाला आणि आपला ‘जी’ लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. तिथला सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा.