जर्नल निवडताना: नव्या ग्रंथपालांसाठी

कृषी महाविद्यालयाचं ग्रंथालय हाती आलंय, अभिनंदन! यादी बघून घाबरू नका. आधी एवढंच करा:

- गेल्या तीन वर्षांचे प्रबंध काढा. संदर्भसूचीत कोणतं जर्नल किती वेळा आलंय, वहीत रेघा मारून मोजा. दोन दिवस जातील, पण मूठभर नावंच पुन्हा पुन्हा येतात हे डोळ्यांनी दिसेल. ब्रिटिश ग्रंथपाल ब्रॅडफर्डने १९३४ सालीच हे मांडलंय.
- महाविद्यालय सरकारी असेल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या सामायिक जर्नल-वर्गणी योजनेत काय मिळतं ते तपासा.

नवखे हमखास चुकतात ते इथे: विभागप्रमुखांच्या नुसत्या शब्दावर वर्गणी भरतात, किंवा मृदाशास्त्राच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) जैवतंत्रज्ञानाच्या जर्नलशी ताडतात. तुलना एकाच विषयात करा.

दर वापरामागचा खर्च वगैरे पुढच्या वर्षी बघू.