एकाच रंगातल्या खोल्या

प्रश्न : १९८४ च्या ‘नाइट लोर’ या संगणकीय खेळात प्रत्येक खोली एकाच रंगात दिसते. मग त्याच्या चित्रणाचे एवढे कौतुक का होते?

उत्तर : टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या बंधूंनी ‘अल्टिमेट प्ले द गेम’ या आपल्या ब्रिटिश कंपनीतर्फे हा खेळ ४८ के स्मृतीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी आणला. या संगणकात आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग मावत, त्यामुळे निराळ्या रंगांच्या आकृती जवळ आल्या की एकीचा रंग दुसरीवर चढे. खोलीगणिक काळ्यावर एकच रंग ठेवून स्टॅम्पर बंधूंनी हा दोष मुळातच टाळला आणि माझ्या मते तो निर्णय अत्यंत शहाणपणाचा होता.

खरी करामत पुढेच आहे. प्रत्येक आकृतीसोबत तिच्या आकाराचा एक मुखवटा साठवलेला असे. त्याने मागच्या चित्रातला तेवढाच भाग पुसून तिथे आकृती उमटवली जाई. म्हणूनच नायक सेबरमन दगडी ठोकळ्यामागे गेला की खरोखरच झाकला जातो. शिवाय सापडलेली वस्तू खाली ठेवून, तिच्यावर चढून उंच उडी मारता येते. म्हणजे खोलीची उंची केवळ देखाव्यापुरती नाही. हलणाऱ्या वस्तू वाढल्या की खेळ मंदावतो, हे मात्र मान्य करावे लागते.

तिरक्या कोनातून त्रिमिती दाखवणारा हा पहिला खेळ नव्हे. सँडी व्हाइट यांचा ‘अँट अटॅक’ स्पेक्ट्रमवर १९८३ मध्येच आला होता. मात्र पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये अनुकरण झाले ते मुख्यतः ‘नाइट लोर’चे.