आयसोलेशन कॅबिनेट घेतोयस? मग हे वाच

अरे, गिटार अँपचा स्पीकर आणि माइक आत बंद करून ठेवायची ही पेटी आली की सगळं चिडीचूप होईल असं समजू नकोस. किंचाळणारा आवाज आत कोंडला जातो, पण खर्जाची धमधम जमिनीतून जातेच. खाली जाड रबर टाक.

एक मात्र पक्कं: ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) स्पीकरशिवाय वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अँपचं आउटपुट ८ ओहमचं, तर पेटीतला स्पीकरही ८ ओहमचाच. आणि मधली केबल स्पीकरचीच. गिटारची केबल दिसते तशीच, पण आतली तार बारीक. घाईत मी एकदा तीच लावली, तर प्लग चांगलाच तापला.

खरी कटकट म्हणजे डब्यातून आल्यासारखा आवाज. शुअर एसएम ५७ माइक असेल तर स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेसमोर, दोन बोटं लांब ठेव. झाकण लाव, रेकॉर्ड कर, ऐक, उघड, बोटभर सरकव, पुन्हा लाव. वैताग येतो, पण इक्यूने खालचे-वरचे सूर कमीजास्त करण्यापेक्षा यानेच फरक पडतो. तरीही घुमलं तर ३०० ते ५०० हर्ट्झमध्ये जरा कापून बघ.

नुसता हेडफोनवर रियाज करायचा असेल तर, खरं सांगू, लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी अँपचा भार घेणारा डबा) आणि आयआरवर (स्पीकर-माइकच्या आवाजाची डिजिटल नक्कल) भागतं.