कापूस अमेरिकेत, गिरण्या लँकेशायरात

प्रश्न : इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये कापसाचं एक बोंडही पिकत नाही. मग १९व्या शतकात एवढ्या कापडगिरण्या तिथेच कशा?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : गिरणगावात रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईच्या विभागात, तीस वर्षं काढली, म्हणून आधी हवेचं सांगतो. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. थंडीत कोरडा वारा सुटला की आमच्याकडे तुटलेलं सूत सांधणाऱ्याला उसंत नसे, जॉबर (मुकादम) ओरडायचा, "पाणी मारा, पाणी!" लँकेशायरची हवा मुळातच ओलसर. शिवाय जवळच कोळसा, पेनाइन डोंगरांतलं मऊ (कमी क्षारांचं) पाणी आणि अमेरिकेचा कापूस उतरायला लिव्हरपूल बंदर. १८३०मध्ये तिथून मँचेस्टरपर्यंत रेल्वेही धावली. मुंबईलाही दमट हवा नि बंदर होतं. कोळसा मात्र सुरुवातीला विलायतेहून बोटीने यायचा!