बीगल कुत्र्याला कच्चं मांस सुरू करून राहिला ना भाऊ, मग आधी हे वाच

पंधरा किलोचा मोठा झालेला कुत्रा असेल तर वजनाच्या 2 ते 3 टक्के, म्हणजे दिवसाला 300 ते 450 ग्रॅम, दोन वेळात वाटून. बीगल हावरट असते, ती मागते म्हणून वाढवू नको, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

त्यात साधारण 80 टक्के मांस, 10 टक्के हाड अन् बाकी कलेजी वगैरे, पण कलेजी 5 टक्क्याच्या वर नाही, जास्त झाली की अ जीवनसत्त्व अंगावर येतं. बाजारात कलेजी अन् पेटा (कोंबडीच्या पोटाची पिशवी) एकत्रच देतात, घरी आणून वेगळं कर, पेटा मांसात मोजायचा. हाड म्हणजे कोंबडीची मान, तेही कच्चंच, शिजवलेलं हाड टोकदार फुटते अन् आतडं फाडते, हे कधीच नको. डुकराचं मांस कच्चं देऊ नको.

आता मेन गोष्ट, आपल्या इथलं ऊन. मे महिन्यात 45 डिग्रीत पिशवी गाडीला लटकवून फिरू नको, सकाळी सातला जा, बर्फाचा डब्बा सोबत ने, घरी येताच एकेक जेवणाचे डब्बे भरून फ्रीजरात टाक अन् रात्री एक डब्बा खाली फ्रीजमध्ये उतरव. ओट्यावर वितळवायचं नाही. वीस मिनिटात नाही खाल्लं तर उचल, भांडं साबणानं धू.

घरी लहान लेकरू किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर मी तर म्हणतो शिजवूनच दे, बिनहाडाचं, कच्च्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. अन् पिल्लू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरूच करू नको, कॅल्शियम चुकलं की पाय वाकडे होतात.