भावाचा आजार कोर्टात सांगायचा की लपवायचा?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २६) पंचवटीच्या मार्केट यार्डात एका अडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहायचा. पैशांच्या अफरातफरीची फिर्याद झाली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(४) लागलं. पाच महिने तो नाशिकरोड जेलमध्ये आहे. चार्जशीट वेळेत गेलं, खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. अटकेआधी दीड वर्ष त्याला घबराटीच्या झटक्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू होत्या, त्या अटकेच्या दिवशीच सुटल्या. आता मुलाखतीला येतो तेव्हा हात थरथरतात, छातीत धडधडतं म्हणतो, रात्रभर झोप नाही. मागच्या पंधरवड्यात त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. बराकीतले म्हणतात, आता तुझ्यावर आणखी एक केस होणार. आमचे चुलते म्हणतात, आजाराचं बोलू नका, वेड्याचा शिक्का बसेल, लग्न जमणार नाही. ओळखीतले एक जण उलट सांगतात की, त्याला वेडा ठरवून घ्या, केसच संपेल. आम्ही काय करावं? - एक बहीण, नाशिक

ताई, कायद्याचं नंतर बोलू. आधी उद्या सकाळी काय करायचं ते सांगते.

भावाने स्वतःला इजा करून घेतली हे जेलच्या अधीक्षकांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं मुलाखतीच्या गर्दीत विरून जातं. साधा कागद चालतो. एवढंच लिहा : ‘माझा भाऊ अमुक, न्यायाधीन बंदी, यास अटकेपूर्वी घबराटीच्या आजारावर उपचार चालू होते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. अटकेपासून गोळ्या बंद आहेत. अमुक तारखेच्या सुमारास त्याने स्वतःला इजा करून घेतली. त्याची मानसोपचारतज्ज्ञांकडून तातडीने तपासणी व्हावी, तोवर त्यास एकटे ठेवू नये, आणि तपासणीची नोंद त्याच्या वैद्यकीय कागदांत घ्यावी, ही विनंती.’ कोणावर आरोप नको, रागाचं वाक्य नको. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. तिसरी प्रत सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्या, चौथी तुमच्या वकिलांना.

हे कागद करायला सांगते त्याला कारण आहे. १८९४ च्या ब्रिटिश काळातल्या तुरुंग कायद्यातसुद्धा, शरीराने किंवा मनाने बरा न दिसणारा बंदी विनाविलंब वरिष्ठांना कळवावा असं कलम ३७ सांगतं. तुरुंगातल्या वागणुकीने किंवा शिस्तीने बंद्याच्या मनावर वाईट परिणाम होतोय असं डॉक्टरांना वाटलं तर त्यांनी अधीक्षकांना लेखी अहवाल द्यावा, हे कलम १४ मध्ये आहे. म्हणजे ही जबाबदारी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. पण शेकडो माणसांच्या गर्दीत एक थरथरता हात कोणाच्या नजरेत भरेल? तुमचा अर्ज गेला की त्या हाताला नाव आणि तारीख लागते.

गोळ्यांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. मी डॉक्टर नाही. पण घबराटीसाठी आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर थरथर, घाम, निद्रानाश, कधी आकडीसुद्धा येऊ शकते, हे वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. भावाचा सुरुवातीचा त्रास त्यातून होता का, हे डॉक्टरच सांगतील. पण तो प्रश्न त्यांच्यापुढे यायचा तर जुन्या चिठ्ठ्या त्यांच्या हातात पडायला हव्यात. घरून गोळ्या नेऊन देऊ नका, त्या आत घेतल्या जाणार नाहीत आणि विनाकारण संशय येईल. पूर्वीच्या डॉक्टरांकडून उपचाराचा सारांश मागा. ते भावाची संमती मागतील आणि ते बरोबरच आहे, कारण रुग्णाची माहिती गोपनीय असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १४ प्रमाणे भाऊ साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून तुम्हाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. वकीलपत्रावर जेलमधून सही आणता तसाच हाही कागद वकिलांमार्फत आणा.

आता त्या ‘आणखी एक केस’ची भीती. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ नव्या न्याय संहितेत आलेलंच नाही. त्याआधीच २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने ठरवून टाकलं होतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी व उपचार हे सरकारचं कर्तव्य आहे. नव्या संहितेत कलम २२६ आहे, ते सरकारी नोकराला त्याचं कर्तव्य करण्यापासून रोखण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. म्हणूनच भावाला नीट समजावा : ‘मला सोडा नाहीतर जीव देईन’ अशी भाषा कोणाशीही नको. ‘मला सहन होत नाही, मला डॉक्टर हवा’ हे मात्र त्याने कितीही वेळा म्हणावं. केसच्या भीतीने त्याने जखम लपवली आणि पुढचा झटका एकट्याने काढला, तर त्यात खरा धोका आहे.

चुलत्यांची काळजी मला कळते. आपल्याकडे डोक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी सोयरिकीच्या बैठकीत कशी फिरते ते मी पाहिलं आहे. पण कायदा इथे स्वच्छ आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्याच कलम ३(५) प्रमाणे एखाद्याला मानसिक आजार आहे असं निदान झालं म्हणून तो वेडसर ठरत नाही. तसं ठरवायचा अधिकार सक्षम न्यायालयाचा, आणि तसं ठरवून घ्यायला तुमच्याकडून कोणी जातही नाहीये. भावाला मानसिक रुग्णालयात पाठवतील का, अशी भीतीही तुमच्या घरात असेल. कलम १०३ मध्ये मानसिक आजारी बंद्यांसाठी तुरुंगाच्याच वैद्यकीय विभागातल्या मानसोपचार कक्षाची तरतूद आहे. तो नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने बाहेरच्या संस्थेत हलवता येतं. तपासणी मागितली की उचलून ठाण्याच्या मनोरुग्णालयात टाकलं, असं होत नाही.

ओळखीतल्या त्या गृहस्थांचा सल्ला मात्र पार झटकून टाका. ‘वेडा ठरवा’ याचा कायद्यातला अर्थ न्याय संहितेचं कलम २२ : गुन्हा घडताना मनाच्या विकृतीमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक किंवा बेकायदा आहे, हेच त्याला कळत नव्हतं. हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं. तुमचा भाऊ रोजच्या रोज खतावणी लिहीत होता, बेरजा जुळवत होता. त्या वह्याच कोर्टात आहेत. शिवाय हा बचाव घेतला की ‘कृत्य मीच केलं’ असं सुचवल्यासारखं होतं. पैसे घेतलेच नाहीत असं भावाचं म्हणणं असेल तर ते आपणच बुडवायचं? आणि खटला समजून घेण्याची त्याची क्षमताच नाही असं म्हटलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ३६७ पासूनची वेगळी चौकशी सुरू होते, खटला थांबतो, माणूस लटकतो. घबराटीचा आजार असलेल्या माणसाला सगळं कळत असतं. कळतं म्हणूनच तो रात्रभर जागा असतो. कोर्टात आपण आजारी माणसाला उपचार मागतोय. वेडेपणाचा बचाव हा निराळाच विषय आहे, त्याची इथे सरमिसळ नको.

जामिनाचं बघू. नुसत्या आजारावर अर्ज उभा करू नका. जेलच्या डॉक्टरांचा अहवाल ‘येथे उपचार उपलब्ध आहेत’ असा आला की असा अर्ज तिथेच बसतो. आजारी व्यक्तीला जामीन देता येतो हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मधला परंतुक (अपवादाची अट) मुख्यतः मृत्युदंड-जन्मठेपेच्या गुन्ह्यांतला अडसर काढायला आहे. तुमच्या भावाच्या कलमाला कमाल शिक्षा सात वर्षं, तिथे तो अडसर मुळातच नाही. त्यामुळे सत्र न्यायालयातल्या अर्जाचे मुख्य मुद्दे असे असावेत : तपास संपला आहे, चार्जशीट दाखल आहे, पुरावा म्हणजे हिशेबाच्या वह्या आणि त्या पोलिसांकडे जमा आहेत, पूर्वीचा गुन्हा नाही (नसेल तर), घर नाशिकचं आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत जामिनाबाबत उदार राहावं असं सर्वोच्च न्यायालयाने सतेंदरकुमार अंतिल प्रकरणात जुलै २०२२ मध्ये सांगितलं आहे, त्याचा आधार वकिलांना घ्यायला सांगा. यानंतर आजाराचा परिच्छेद, जुन्या चिठ्ठ्या, तुमचा पोच घेतलेला अर्ज, आणि सुटल्यावर कोणत्या डॉक्टरांकडे उपचार चालू राहतील ते. आधाराला असा आजार ठेवला तर न्यायाधीशांना तो सबब वाटत नाही.

‘पहिल्याच गुन्ह्यात एक तृतीयांश शिक्षा भोगली की सुटका’ हे त्याच संहितेचं कलम ४७९ तुम्हाला कोणीतरी ऐकवेल. सात वर्षांच्या हिशेबाने ते दोन वर्षं चार महिन्यांना लागू होईल. त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, जी घरचे सहसा मागत नाहीत. तारखेला आरोपी बहुतेक वेळा व्हिडिओवर दिसतो, नाव पुकारलं, पुढची तारीख पडली, संपलं. त्या छोट्या चौकटीत थरथर दिसत नाही. वकिलांना सांगून भावाला प्रत्यक्ष हजर करावं असा अर्ज द्या, आणि त्याच अर्जात अधीक्षकांकडून त्याच्या मानसिक प्रकृतीचा वैद्यकीय अहवाल मागवावा अशी विनंती करा. भावाने न्यायाधीशांना स्वतः सांगितलं तर ते रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) यावं यासाठी वकिलांनी तिथल्या तिथे आग्रह धरायचा. तुमचे आताचे वकील याला तयार नसतील किंवा फी झेपत नसेल, तर कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे (विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम १२). प्राधिकरणाकडे लोक अभिरक्षकांबद्दल, म्हणजे आरोपीची बाजू मोफत मांडणाऱ्या त्यांच्या वकिलांबद्दल, विचारा. फोनवर १५१०० ही त्यांची हेल्पलाइन.

सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या अमानवी परिस्थितीच्या प्रकरणात सप्टेंबर २०१७ मध्ये समुपदेशक नेमायला सांगितले, ते खास करून पहिल्यांदा आत आलेल्यांसाठी. भावासाठी समुपदेशनाची मागणी करताना अर्जात हा संदर्भ द्या.

मुलाखतीत केसबद्दल अक्षरही बोलू नका, तिथे ऐकणारे असतात. जेलच्या डॉक्टरांशी बोलतानाही भावाने पैशांच्या गोष्टीत शिरायचं कारण नाही. झोप, श्वास, भीती, मनात येणारे विचार, एवढंच सांगावं. त्याला पुढच्या भेटीची नक्की तारीख सांगून या. आणि रात्री तुम्हाला किंवा आईला सोसवेनासं झालं तर १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

जामीनदार आत्ताच ठरवा. ऐपतीच्या दाखल्याला तहसीलमध्ये दिवस जातात, आणि आदेश हातात असून जामीनदाराअभावी माणूस आत राहतो. तसं झालंच तर सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे सात दिवसांत सुटका न झाल्यास जेलने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. तुम्हीही कळवा. जामीनदार मिळेपर्यंत रोख जामिनावर सोडण्याची विनंती मूळ अर्जातच घालून ठेवायला वकिलांना सांगा.